राजूर घाट आणि हीटचा काटा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

मलकापूरहून बुलडाण्याला यायचं तर राजूरचा घाट चढावा लागतो. मोताळा मागं पडलं की पूर्णेच्या खोऱ्यातली काळी सपाट जमीन संपते आणि डोंगर समोर येतो. मलकापूर समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरच्या आसपास, तर बुलडाणा साडेसहाशेच्या आसपास. ही चारशे मीटरची चढण आजच्या मोटारींना जाणवतही नाही. पण साठ-सत्तरच्या दशकात, मे महिन्यात, घाटाच्या एखाद्या वळणावर बॉनेट उघडून वाफ सोडत उभी असलेली गाडी दिसली नाही, असा दिवस सहसा जात नसे. ड्रायव्हर बाजूच्या दगडावर बसलेला, बाया झाडाच्या तुटपुंज्या सावलीत, आणि क्लीनर पत्र्याचा डबा घेऊन पाण्याच्या शोधात. ‘गाडी उकळली’ एवढं म्हटलं की सगळ्यांना सगळं समजायचं.

त्या काळच्या गाड्यांत ड्रायव्हरसमोर एक लहानशी तबकडी असे. तिच्यातला काटा इंजिन किती तापलं आहे ते सांगायचा. पुस्तकात तिला टेम्परेचर गेज म्हणतात, आमच्याकडं नुसता ‘हीटचा काटा’. जुन्या मोटारींविषयी लिहिणारे लोक त्यांच्या रंगांविषयी, दिव्यांविषयी, संस्थानिकांच्या रोल्स रॉइसविषयी भरभरून लिहितात. या काट्याचा इतिहास मात्र कोणी फारसा सांगत नाही. मला तो सांगावासा वाटतो, त्याला एक घरगुती कारणही आहे. ते पुढं येईलच.

पेट्रोल जाळून जी उष्णता निर्माण होते, तिच्यातला ढोबळमानानं एक तृतीयांश भागच गाडी ओढायच्या कामी येतो, तोही इंजिन चांगलं असेल तर. बाकीची बरीचशी धुरावाटे जाते, आणि उरलेली इंजिनाभोवती फिरणारं पाणी वाहून नेतं. हे पाणी रेडिएटरमध्ये वाऱ्यानं थंड होतं आणि पुन्हा इंजिनाकडं जातं. चढावर गाडी दुसऱ्या-पहिल्या गिअरमध्ये चालते. इंजिन जोरात, पण गाडीचा वेग बैलगाडीपेक्षा थोडा जास्त. म्हणजे उष्णता भरपूर आणि वारा कमी. त्यात वारा पाठीमागून असला तर विचारूच नका.

हेन्री फोर्डची मॉडेल टी ही गाडी १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटींवर विकली गेली. तिच्यात बहुतेक काळ पाणी फिरवायला पंपच नव्हता. तापलेलं पाणी हलकं होऊन आपोआप वर चढतं आणि रेडिएटरमध्ये गार होऊन खाली उतरतं, एवढ्यावर काम चाले. पाण्याची पातळी वरच्या नळीच्या खाली गेली की हे चक्र तुटायचं. आणि हे ड्रायव्हरला सांगणारं गाडीत काहीही नव्हतं. टोपणातून वाफ येताना दिसली की समजायचं. तोवर उशीर झालेला असे.

ही अडचण ओळखून हॅरिसन बॉइस नावाच्या अमेरिकन माणसानं १९१०च्या दशकात एक उपकरण बाजारात आणलं. रेडिएटरच्या टोपणातच त्यानं एक थर्मामीटर उभा बसवला. वरच्या गोल काचेमागं लाल रंगाची बारीक रेघ वर चढताना ड्रायव्हरला आपल्या जागेवरून, समोरच्या काचेपलीकडं दिसायची. त्याला म्हणत मोटोमीटर. न्यूयॉर्कच्या लाँग आयलंड सिटीत त्याचा कारखाना होता. तापत जाणारं इंजिन आणि त्याच्यावर तोल सांभाळत बसलेला थर्मामीटर, ही कल्पनाच गमतीची आहे. पण ती चालली आणि भरपूर चालली. पुढं टोपणाच्या जागी पऱ्या, पक्षी आणि सिंह बसवायची जी हौस आली, तिच्यात काही ठिकाणी हा मोटोमीटरही सामावून घेतलेला दिसतो.

या मोटोमीटरची एक खुबी लक्षात घेण्यासारखी आहे. त्याचा फुगा पाण्यात बुडालेला नसे. पाण्याच्या वर जी वाफेची जागा असते, तिथं तो असे. म्हणजे तो पाण्याचं नव्हे, वाफेचं तापमान सांगायचा. पाणी उकळायच्या बेतात आलं की वाफ वर यायची आणि रेघ झपाट्यानं चढायची. इशारा म्हणून हे उत्तम होतं. पण रात्री ती रेघ दिसायची नाही, आणि उघड्यावर असल्यामुळं चोरीही व्हायची. १९२८ साली जनरल मोटर्सनं मुंबईत शिवडीला शेव्हरोले गाड्यांची जोडणी सुरू केली, त्या सुमाराला मोटोमीटरचे दिवस भरत आले होते. तापमानाचा काटा टोपणावरून उतरून ड्रायव्हरसमोरच्या फळीवर येऊन बसत होता.

आता हा काटा कुठून आला ते पाहू, कारण तो आपल्या जिल्ह्याला परका नाही. मोटारी यायच्या कितीतरी आधी तो इथं आलेला होता.

१८४९ साली युजेन बोर्दोन या फ्रेंच माणसानं वाफेचा दाब मोजणाऱ्या मीटरचं पेटंट घेतलं. चपटी केलेली आणि वाकवलेली धातूची नळी घ्या. तिचं एक टोक बंद करा आणि दुसऱ्यातून आत दाब द्या. नळी सरळ व्हायला बघते. जत्रेत ती कागदी पिपाणी मिळते ना, फुंकली की गुंडाळी उलगडून समोरच्याच्या नाकावर आपटते, तोच प्रकार. फक्त इथं नळी केसभरच हलते आणि ती हालचाल दातेरी चाकांनी मोठी करून काट्याला दिली जाते. असं सांगतात, की कारखान्यात चुकून चपटी झालेली एक नळी दाबानं पुन्हा गोल करत असताना ती उलगडताना बोर्दोनला दिसली आणि त्यातून ही कल्पना सुचली.

कापसाच्या बाजारासाठी जलंब ते खामगाव हा रेल्वेचा फाटा १८७० साली सुरू झाला. इंजिनं आली, मागोमाग जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आणि त्यांचे बॉयलर आले. प्रत्येक बॉयलरवर दाबाचं मीटर. म्हणजे खामगाव, शेगाव, मलकापूरच्या कामगारांनी लाल रेघेकडं सरकणारा काटा मोटारीत नव्हे, आधी कापसाच्या प्रेसमध्ये पाहिला. काटा लाल रेघेच्या पलीकडं जाऊ द्यायचा नाही, ही शिस्त तिथली.

मोटारीच्या हीटच्या काट्यामागं हीच बोर्दोनची नळी आहे. पण ती दाब मोजते, तापमान नाही. मग तापमानाचा दाब कसा करायचा? त्यासाठी इथर नावाचा द्रव वापरला गेला. इंजिनाच्या हेडमध्ये बोटभर लांबीचा धातूचा फुगा बसवायचा, त्यात इथर. फुग्यापासून मीटरपर्यंत केसासारखं छिद्र असलेली तांब्याची बारीक नळी. सगळं पक्कं बंद. इथर ३४.६ अंश सेल्सिअसलाच उकळतं. इंजिनाचं पाणी तापलं की फुग्यातल्या इथरच्या वाफेचा दाब वाढतो, तो नळीतून जाऊन काटा फिरवतो. वीज नाही, तार नाही, बॅटरीशी संबंध नाही. मलकापूरला मे महिन्यात सावलीतलं तापमान ४४-४५ असतं. तिथं इंजिन सुरू व्हायच्या आधीच फुग्यातल्या इथरचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा जास्त झालेला असतो.

या मीटरची तबकडी नीट पाहिली तर आकडे सारख्या अंतरावर नसतात. सुरुवातीला ते दाटीवाटीनं आणि शेवटी मोकळे असतात. कारण इथरचा दाब ६० अंशांना हवेच्या सव्वादोन पटींच्या आसपास असतो, आणि १०० अंशांना तो सहा पटींच्या पुढं जातो. म्हणजे इंजिन गार असताना काटा सुस्त, आणि धोका जवळ आला की चपळ. ड्रायव्हरला हवं तेच. कोणी मुद्दाम आखूनही याहून चांगलं केलं नसतं.

दुसऱ्या महायुद्धात विलिस आणि फोर्ड या कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. त्यांच्यासमोरच्या फळीवरच्या पाच तबकड्यांतली एक हीच, इथरची. युद्ध संपल्यावर यातल्या बऱ्याच गाड्या आपल्याकडं डिस्पोजलमध्ये विकल्या गेल्या, आणि पुढं १९४७ पासून महिंद्रांनी मुंबईत जीपची जोडणी सुरू केली. अशीच एक डिस्पोजलची जीप, तीन हात फिरून आलेली, माझ्या वडिलांनी घेतली होती. मलकापूर ते बुलडाणा ते पॅसेंजर मारत.

बाबा काट्याकडं फारसे बघत नसत. मी शेजारी बसलो की माझं लक्ष तबकडीवर. ते म्हणायचे, “अरे बावा, त्या काट्याकडं काय पायत रायला? गाडीचं आयक.” मला वाटायचं, शिकलेले नाहीत, म्हणून म्हणतात.

१९७३चा मे महिना. आदल्या वर्षीच्या दुष्काळाचा तो उन्हाळा. रस्त्याच्या कडेला दुष्काळी कामावर खडी फोडणारी माणसं, गावोगाव सुकडीचं वाटप. मी अठरा वर्षांचा होतो, कॉलेजला सुटी होती. बाबांना ताप आला म्हणून मी जीप काढली. मोताळ्याला नेहमी ज्या हॉटेलात रेडिएटरसाठी डबा भरून मिळायचा, तिथला माणूस म्हणाला, प्यायला नाही तर गाडीला कुठून देऊ? त्याचं काही चुकलं नव्हतं. अर्ध्या डब्यावर मी घाटाला लागलो.

निम्म्या घाटात काटा २०० फॅरनहाइटच्या पुढं गेला. पुढच्या वळणावर थांबायचं मी ठरवलं. तेवढ्यात काटा खाली यायला लागला. १९०, १८०, आणखी खाली. मला आनंद झाला. वाटलं, वारा लागला, गाडी गार झाली. मी थांबलो नाही. कसला तरी करपल्याचा वास येत होता, तोही मला आला होता. पण काटा खाली होता. अर्धा मैल गेलो असेन, आतून खडखड आवाज झाला आणि इंजिन जागीच आवळलं.

रेडिएटरची खालची होज फाटली होती. पाणी सगळं रस्त्यावर गेलं होतं. इथरचा फुगा आता पाण्यात नव्हताच, रिकाम्या पोकळीत लोंबत होता, म्हणून काटा उतरला होता. मला हे त्या वेळी समजलं नाही. गाडीतल्या एका म्हातारीनं आपला फिरकीचा तांब्या पुढं केला. त्या उन्हाळ्यात तिनं तो दिला. मी तो रेडिएटरमध्ये ओतला, आणि ते पाणी खालून सरळ धुळीत गेलेलं आम्ही सगळ्यांनी पाहिलं. कोणी काही बोललं नाही. माणसं सामान उचलून घाट चढायला लागली.

बुलडाण्याला इंजिन खोललं. पिस्टन चिकटलेले, हेड वाकलेलं, गॅस्केट जळालेलं. खर्च ऐकून बाबांनी गाडी होती तशी विकली आणि खामगावच्या एका जिनवाल्याच्या ट्रकवर नोकरी धरली. माझं कॉलेज त्या पगारावर झालं. मला ते एकदाच विचारते झाले, “वास नाही आला का तुले?” मी म्हणालो, “आला होता, बाबा.” त्यावर ते काही बोलले नाहीत, पुढंही कधी नाही.

नंतर मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवू लागलो. कोणताही थर्मामीटर फक्त स्वतःचं तापमान सांगतो, बाकीचा अंदाज आपण करायचा असतो, हे वाक्य मी नववीच्या मुलांना वर्षानुवर्षं सांगितलं. ते मी कुठं शिकलो, हे मात्र कधी सांगितलं नाही.

इथरच्या मीटरचा मोठा दोष म्हणजे ती तांब्याची नळी. कुठं घासली, मुडपली की फुटायची, इथर उडून जायचं आणि काटा कायमचा मेलेला. शिवाय कारखान्यात गाडी जोडताना इंजिनापासून फळीपर्यंत अखंड नळी ओवायची, ही कटकटच. म्हणून विजेवरचे मीटर आले. त्यांच्या मुळाशी मायकल फॅरडेचं एक निरीक्षण आहे. सिल्व्हर सल्फाइड हा पदार्थ तापला की त्याचा विजेला होणारा विरोध कमी होतो, हे त्यानं १८३३ साली नोंदवलं. धातूंचं याच्या उलट असतं. या गुणाचा व्यवहारात उपयोग व्हायला जवळजवळ १०० वर्षं गेली. १९३०च्या सुमाराला अमेरिकेत सॅम्युएल रूबेननं थर्मिस्टर तयार केला. आज प्रत्येक मोटारीच्या इंजिनात पाण्याचं तापमान टिपणारा जो सेन्सर असतो, तो बहुधा थर्मिस्टरच.

गाडी जसजशी तापते, तसतसा सेन्सर जास्त वीज जाऊ देतो आणि काटा वर चढतो. म्हणूनच जुने मिस्त्री सेन्सरची तार काढून घटकाभर बॉडीला टेकवून बघत. काटा एकदम वर गेला तर मीटर आणि तार ठीक, दोष सेन्सरचा. आणि तार तुटली तर? काटा गारच दाखवणार. म्हणजे माझ्या बाबतीत जे झालं, ते विजेच्या मीटरलाही चुकलेलं नाही.

ब्रिटिश धाटणीच्या गाड्यांत हा काटा दोन धातूंच्या जोडपट्टीवर चाले. पट्टीभोवती तार गुंडाळलेली, तीतून वीज गेली की पट्टी तापून वाकते. फार हळू, फार शांत. पेट्रोलचा काटाही तसाच, आणि दोघांना सारखा दाब मिळावा म्हणून मध्ये एक लहानशी डबी, व्होल्टेज स्टॅबिलायझर. ती बिघडली की दोन्ही काटे एकदमच वर. आमच्या शाळेतले एक सर दोन दिवस खुशीत होते, गाडी पेट्रोल पीतच नाही म्हणून. हीटचा काटाही वर आहे, हे त्यांना दिसत होतं, पण ते म्हणायचे, उन्हाळा आहे. चिखलीच्या अलीकडं गाडी बंद पडली तेव्हा टाकी कोरडी होती आणि काटा पाऊण टाकी दाखवत होता.

याच काळात तबकडीवरचे आकडे गेले. अंशांऐवजी गार, ठीक, गरम अशी तीन इंग्रजी अक्षरं आली. आता तर बऱ्याच मोटारींत काटा संगणकाच्या हुकमानं चालतो. इंजिन गरम झालं की काटा मध्यभागी येतो, आणि पुढं पाणी दहा-पंधरा अंश वरखाली झालं तरी तो तिथंच ठेवला जातो. काटा जरा हलला की गिऱ्हाईक घाबरून गॅरेजला येतं, म्हणून ही सोय. लहान मोटारींत तर काटाच नाही, एक निळा आणि एक लाल दिवा. कंपन्यांचं म्हणणं मला समजतं, पण पटत नाही. रेडिएटरचं दाबाचं टोपण आणि कूलंट यांमुळं आजचं पाणी ११५-१२० अंशांपर्यंत उकळत नाही, हे खरं आहे. पण होज तर आजही रबराचीच असते.

दोन वर्षांमागं चिखलीकडचा एक तरुण माझ्याकडं आला. जुनी जीप नीट करत होता. सगळं झालं होतं, फक्त हीटचा काटा मेलेला, नळी तुटलेली. आतून बनावट विजेचं मीटर बसवून वरून जुनी तबकडी लावावी, असा सल्ला त्याला कोणी दिला होता. मी म्हटलं, आपण मूळचंच जिवंत करू.

कृती अशी. बाजारात नवं इथरचं मीटर मिळतं, ते आणायचं. त्याचा फुगा बर्फ आणि मिठाच्या भांड्यात बुडवून ठेवायचा. शून्याखालच्या तापमानाला इथरच्या वाफेचा दाब बाहेरच्या हवेच्या पाव भागाहूनही कमी होतो. मग नळी कापली तरी इथर बाहेर येत नाही. त्या अवधीत कापलेलं टोक जुन्या मीटरच्या नळीला बारीक पितळी बाही चढवून डाग द्यायचं. इथर अतिशय पेट घेणारं असतं, त्यामुळं ज्योत अजिबात नाही, विजेची कय्या, मोकळं अंगण, आणि फुगा लांब. ऐकून कोणी घरात हा उद्योग करू नये. आम्ही दोघं मिळून साठ-पासष्ट वर्षं उशिरा का होईना, ते जोडलं.

मग चाचणी. पातेल्यात पाणी उकळलं, शेजारी शाळेतला जुना थर्मामीटर सोडला आणि फुगा आत घातला. काटा हलला. कित्येक वर्षं पडून असलेला तो काटा चढत चढत गेला आणि २१२च्या अलीकडं थांबला. पाणी खळाखळा उकळत होतं, काटा पुढं जाईना. पोराचा चेहरा उतरला. “सर, चार अंशांनी कमी दाखवतंय,” असं म्हणत त्यानं काटा थोडा वाकवायला पक्कड उचललीसुद्धा.

मी त्याला थर्मामीटर दाखवला. तोही ९८ सेल्सिअसच्या खाली होता. २१२ला पाणी उकळतं ते समुद्राकाठी. इथं बुलडाण्याला ते २०८ला उकळतं. मी म्हटलं, काटा आहे तिथंच राहू दे.